हिराआत्याचा डावा पाय

आमच्या घराण्यात भुताखेतांना कोणी घाबरत नाही. खाडीकाठच्या मिठागरांवर भुतं इतकी असायची म्हणतात, की त्यांना घाबरत बसलो असतो तर मीठ पिकवायला वेळच उरला नसता. आम्ही घाबरतो ते पायाला. स्वतःच्याच. पन्नाशी उलटलेला आमच्यातला कुठलाही माणूस आंघोळीनंतर पाय पुसायला जरा जास्तच वेळ लावतो. बोटांच्या बेचक्या बघतो, टाच दाबतो, नखांचा रंग उजेडात नेऊन तपासतो. मीही तपासतो. बायको म्हणते, "एवढं लक्ष तोंडाकडे दिलं असतंत तर लोकांनी दुसऱ्यांदा वळून पाहिलं असतं." तिच्या माहेरी सगळी दोन पायांची माणसं. तिला काय कळणार.

माझ्या आजोबांचा पाय गुडघ्याच्या वरून कापला होता, आणि त्यानंतर ते फार जगले नाहीत. घरात याविषयी बोलायची पद्धत नव्हती. कोणी 'पाय' म्हटलं की वडील उठून पाणी प्यायला जात.

न घाबरणारी अशी एकच होती, हिराआत्या. निदान आम्हांला तसं वाटायचं.

हिराआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. माहेर पेणच्या खाडीकडचं, सासर रोह्याचं. ठेंगणी, काटक, लुगड्याचा काष्टा पक्का खोचलेला, दात मिश्रीने काळे आणि हसणं त्या दातांसकट मोकळं. पायांत चप्पल कधी नाही. लहानपण मिठाच्या पाण्यात गेल्यामुळे तिचे तळवे असे निबर झाले होते, की काटा टोचायच्या आधी स्वतःच विचार करी. नवरा लवकर गेला. रोह्याच्या बाजारात सुक्या मासळीची पाटी मांडून तिने मुलाला, दिनेशला, वाढवलं आणि धाटावच्या कंपनीत चिकटवलं. घर ते बाजार ती चालत जायची, चालत यायची. कोणी स्कूटरवर बस म्हटलं तर म्हणायची, "चालत्याला वाट, बसत्याला खाट."

औषध तिला एकच ठाऊक होतं, ते म्हणजे मीठ. घसा दुखला, मिठाच्या गुळण्या. दात दुखला, मिठाचा खडा. दृष्ट लागली, मीठ-मोहरी. गुडघा, कंबर, मान काहीही धरलं की जाडं मीठ तव्यावर तापवायचं, फडक्यात बांधायचं आणि शेकायचं. माझी मेव्हणी एकदा नवऱ्याबद्दल तक्रार सांगत होती, तर आत्या शांतपणे म्हणाली, "शेकलास का त्याला?"

तिच्या धाडसाची एक गोष्ट मला सांगायलाच हवी, कारण तीत माझं काम रडण्याचं होतं. मी नववीत होतो. रोह्याहून तिच्याबरोबर पेणला येत होतो आणि नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यावर आलं. एसटी उभी राहिली. लोक सीटवर पाय घेऊन बसले. आत्या उतरली, टोपली डोक्यावर घेतली आणि मला म्हणाली, "माझा पदर धर नि खाली बगू नको." पाणी माझ्या मांडीला लागलं तसा मी रडायला लागलो. नववी म्हणजे रडण्याचं वय नव्हे, पण मी कधीच वयाच्या हिशोबाने घाबरलो नाही. ती मागे न बघता म्हणाली, "रड, रड. पान्यात पानी कोनाला दिसतं?" पायाने चाचपत चाचपत तिने मला पलीकडे काढलं. तेव्हापासून माझी समजूत अशी, की भीती नावाचं जे काही असतं ते देवाने आमच्या घरात वाटताना आत्याचा वाटा मला दिला.

अशी ही आत्या दुकानांपुढे उभी राहायला लागली.

मी पेणला रामवाडीत राहतो. महिन्या-दोन महिन्यांनी रोह्याला चक्कर व्हायची, तेव्हा तिच्याबरोबर बाजारात जायचो. पूर्वी तिच्या मागे मला पळावं लागे. आता ती भांड्यांच्या दुकानापुढे थांबली, पातेल्यावर टिचकी मारली, "पत्रा पातल हाय," म्हणाली आणि पुढे निघाली. थोडं गेल्यावर मोबाईलच्या दुकानापुढे थांबली. काचेतले मोबाईल असे बघितले की जणू त्यातला कुठला ताजा आहे ते ठरवतेय. मग टायरच्या दुकानापुढे. टायर निरखून बघायची तिला काय गरज होती, देव जाणे. दुकानदार बाहेर आला, "काय पायजे, मावशी?" तर म्हणाली, "बगतेय. बगायला बंदी हाय का?"

सुगंधा, म्हणजे दिनेशची बायको, मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, आईंचं वयानं काय झालं का वो? बाजारात जायला निघतात नि कुठंबी उभ्या राहतात. परवा सलूनसमोर उभ्या होत्या."

मी म्हटलं, आत्या आता टायर बघतेय म्हणजे स्कूटरचा विचार दिसतोय. सगळे हसले. आत्याही हसली. हसताना तिने डाव्या पोटरीवरून हात फिरवला, हे मला आत्ता लिहिताना दिसतंय.

थंडी पडली तसा तिचा डावा पाय गार पडायला लागला. नुसता गार नव्हे. सुगंधाच्या शब्दांत सांगायचं तर "फ्रीजमधून काढल्यावानी". आत्याने अर्थातच मीठ तापवलं. पुरचुंडी पावलाखाली धरली. ऊब लागेना. मीठ नीट तापलं नाही असं वाटून तिने ते पुन्हा तव्यावर टाकलं, धूर येईपर्यंत ठेवलं आणि पुन्हा पाय टेकवला. तरी लागेना. आणखी तापवलं. मिठागरातल्या बाईशिवाय ही चूक दुसऱ्या कोणी केली नसती; आपलं मीठ कमी पडतंय, हे तिच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. वास आला म्हणून सुगंधा स्वयंपाकघरातून धावली. करंगळीची बाजू भाजून पांढरी पडली होती आणि आत्या तिला विचारत होती, "कसला गो वास?"

फोड फुटला. जखम झाली. हळद झाली, कोरफड झाली, मलम झालं. जखम भरेना. मग करंगळी जांभळी झाली, आणि एका सकाळी टोकाला काळी.

दिनेशचा फोन आला तेव्हा तो फक्त एवढंच म्हणाला, "दादा, काली पडलीय." मी उठून पाणी प्यायला गेलो.

पेणला आमच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे तिला आणलं. डॉक्टरांनी घोट्यापाशी बोटं टेकवली, मग गुडघ्यामागे, मग जांघेत. प्रत्येक ठिकाणी ते एखाद्या बंद घराचं दार वाजवावं तसे थांबत. मग त्यांनी पेनासारखं एक यंत्र काढलं. उजव्या पावलावर धरलं तर आतून आवाज आला, शूप, शूप, शूप, तालात. डाव्या पावलावर धरलं तर नुसती खरखर. रेडिओवर स्टेशन लागत नाही तशी. त्यांनी पेन सरकवलं, पुन्हा सरकवलं. खरखरच. खोलीत आम्ही चौघं होतो आणि चौघंही त्या खरखरीत काही सापडतंय का ते ऐकत होतो.

"मावशी, चालताना पोटरीत गोळा यायचा? थांबलं की बरं वाटायचं?"

"व्हय," आत्या म्हणाली.

"कधीपासून?"

आत्याने खिडकीबाहेर बघितलं. मला तेव्हा ते टायरचं दुकान आठवलं.

"तंबाखू, विडी काही?"

"छ्या. ते पुरषांचा काम." हे म्हणताना तिच्या कमरेच्या पिशवीत मिश्रीची, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची, डबी होती. ती खोटं बोलत नव्हती. आमच्याकडे मिश्री म्हणजे दात घासणं. दिवसातून वाटेल तितक्या वेळा दात घासणारी बाई स्वच्छ समजली जाते. तिच्या काळ्या दातांकडे बघून डॉक्टरांनी हात पुढे केला तेव्हा तिने डबी दिली, आणि ती परत मिळणार नाही हे कळल्यावर तिचा चेहरा प्रथमच म्हाताऱ्या बाईचा दिसला.

मुंबईच्या बाजूच्या एका मोठ्या हॉस्पिटलात जायचं ठरलं. कोणी बरोबर जायचं यावर बोलणं निघालं. दिनेश होताच. दुसरा माणूस म्हणून सुगंधाने आपल्या भावाचं नाव घेतलं, जो डोलवीला कंपनीत सेफ्टीमध्ये आहे आणि रक्त बघून हसतो म्हणे. आत्या म्हणाली, "नको. बालूला घ्या." बाळू म्हणजे मी. मला इंजेक्शनच्या सुईने चक्कर येते हे सर्वांना माहीत आहे. दिनेश म्हणाला, "आये, त्यालाच सांभालायला मानूस लागंल."

"म्हनूनच," आत्या म्हणाली. "तो माझ्यापेक्षा भितो. त्याला बगून मना बरा वाटतं."

इतकी वर्षं माझा उपयोग काय, असं बायको विचारत असते. तो हा.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आमच्या पोरीच्या वयाच्या. त्यांनी पडद्यावर आत्याचे दोन पाय दाखवले. हाडांचे नव्हेत, रक्ताच्या वाटांचे. उजव्या पायात झाडाला फुटाव्यात तशा फांद्या. डाव्या मांडीत मधल्या मधे फांदी संपलेली. पुढे काळोख, आणि गुडघ्याखाली पुन्हा बारीक, केसाएवढ्या रेघा.

त्या म्हणाल्या, "आजी, मोठं ऑपरेशन तुमचं हृदय सोसणार नाही. दोन रस्ते आहेत. एक, पाय गुडघ्याखाली काढणं. दुसरा, लेझर. जांघेतून बारीक तार घालायची. तिच्यावरून लेझरची नळी. तिच्या टोकाला प्रकाश असतो, तो हे जे साचून दगड झालंय त्याचा भुगा करत पुढे जातो. मग आतून फुगा फुगवून वाट रुंद करायची. पाय वाचेलच असं सांगत नाही. वाचवायचा प्रयत्न करू. करंगळी मात्र जाईल."

आत्या पडद्याकडे बघत होती. म्हणाली, "उघाडीत गाल भरल्यावानी."

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातली झडप, भरतीचं पाणी मिठागरात घ्यायला आणि सोडायला. ती गाळाने भरते. डॉक्टरीणबाईंना मी हे समजावलं. त्या खूश झाल्या. "बरोबर, अगदी तसंच."

"मग खांड गेली तर?" आत्या म्हणाली.

खांड जाणं म्हणजे बांध फुटणं. तेही मीच समजावलं, पण माझा आवाज जरा बारीक झाला. डॉक्टरीणबाई हसायच्या थांबल्या. "होऊ शकतं," त्या म्हणाल्या. "रक्तवाहिनीला भोक पडू शकतं. म्हणून घाई करत नाही आम्ही. हळू जातो."

आत्याने मान हलवली. खरं सांगणाऱ्या माणसाची तिला सवय होती. फक्त या वेळी खरं तिच्याच पायाचं होतं.

आदल्या दुपारी भेटीच्या वेळेत मी तिच्या खाटेशी बसलो होतो. दिनेश खाली चहाला गेला होता. मिश्री नसल्यामुळे तिचं बोट सारखं हिरड्यांकडे जात होतं. ती एकदम म्हणाली, "मना माहीत व्हता."

"काय?"

"बाबा बांधावर थांबायचा. चार पावला चालला की थांबायचा. विचारला तर सांगायचा, भरती बगतोय. बगले बगतोय. बगल्यात काय बगायचा रं मिठागरवाल्याला?" ती बोटांवर मोजायला लागली. "पयला थांबना. मंग गार पडना. मंग काला. मना सगला पाठ हाय, बालू."

मग तिने मला ते सांगितलं, जे आमच्या घरात पाणी प्यायला उठून टाळलं जात होतं. आजोबांचा पाय कापला तेव्हा दवाखान्याने तो घरच्यांकडे दिला. त्या काळी देत असत. तुमचं माणूस, तुम्ही माती द्या. कपड्यात गुंडाळलेला. घरचे पुरुष बाहेर उभे होते, माझे वडील धरून. कोणी हात पुढे करीना. आत्या तेव्हा लग्नाची पोर. तिने घेतला. टेम्पोत मागे बसून गावापर्यंत मांडीवर आणला.

"जड व्हता," ती म्हणाली. "मानसाचा पाय एवढा जड असतो ते अंगाला असंपर्यंत कलत नाय. नि गार. लुगड्यातून लागत व्हता गार." तिने चादर ओढली. "खाडीवर पुरला. बाबा घरी जिता, नि त्याचा पाय मातीत. त्याला भूक लागली का नाय, झोप आली का नाय, तो विचारायचा, माझा पाय कुठं ठेवलास गो?"

मी जे बोलणार होतो ते पुस्तकातलं होतं.

"मना तुकड्यातुकड्यानं जायाचा नाय," ती म्हणाली. तिने माझं मनगट पकडलं होतं. अंबेच्या पाण्यात मी तिचा पदर धरला होता त्यापेक्षा कितीतरी घट्ट, आणि या वेळी थरथर तिच्या बाजूने येत होती.

सकाळी तिला आत नेलं. आम्ही दोघं बाहेर बाकावर. समोर भिंतीवर झऱ्याचं चित्र होतं. नातेवाइकांना शांत वाटावं म्हणून लावलेलं असावं. माझ्या मनात एवढंच आलं की पाणी कुठूनही फुटतं. दिनेश शिफ्टला बसल्यासारखा ताठ बसला होता. दार उघडलं की दोघं उभे राहायचो, दुसऱ्याच कुणाचं नाव ऐकून बसायचो. उठबस करून माझ्याच पोटऱ्या दुखायला लागल्या आणि मी त्या हळूच चाचपून बघितल्या. भित्र्या माणसाला दुसऱ्याच्या संकटातही स्वतःसाठी जागा सापडते.

मग आत्याचं नाव पुकारलं. हिरव्या कपड्यातला एक डॉक्टर बाहेर आला. "वरून तार पुढे जात नाहीये. दगडासारखं आहे. खालून, घोट्याकडून सुई घालून प्रयत्न करतोय. सही लागेल."

"नाय गेली तर?" दिनेशने विचारलं.

"तर थांबू आणि बोलू."

काय बोलणार ते आम्हां तिघांनाही माहीत होतं. दिनेशने सही केली. त्याची सही मी आयुष्यात पाहिली नव्हती. त्या दिवशी ती तिसरीतल्या मुलासारखी आली. दार बंद झालं. आजोबांच्या पायाची गोष्ट दिनेशलाही ठाऊक असावी. म्हणाला, "दादा, पाय दिला तर कोन घेईल?" मी त्याला सांगितलं, आता तसं देत नाहीत. मला हे माहीत नव्हतं. पण माझे हात मांडीखाली दाबून ठेवलेले त्याने पाहिले असावेत, कारण त्याने पुन्हा विचारलं नाही.

दुपार कलायला लागली तेव्हा डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. डोक्यावरची टोपी काढली. केस घामाने चिकटले होते. "खालून तार गेली," म्हणाल्या. "मग लेझर गेलं. वाट झालीय."

दिनेश बाकावर बसला. मी आधीच बसलो होतो. मला कोणीतरी बसवलं होतं, म्हणे.

आत्याला वॉर्डात आणलं. पाय सरळ ठेवून निजायचं, हलायचं नाही. तिच्या नाकावर चष्म्याचा वण होता. "सगल्यांनी काले चष्मे घातले," ती म्हणाली, "मना पन घातला. म्हनलं, वेल्डिंग करताय का काय माझा." जागीच होती ती सगळा वेळ. प्रकाश दिसला का, असं मी विचारलं. "नाय रं. आत हाय तो. मना कसा दिसंल?" मग हळूच म्हणाली, "बगवत नाय मना. तू बग. हाय?"

मी चादरीचं टोक उचललं. "हाय," म्हटलं.

नर्सने पेनासारखं ते यंत्र आणलं आणि डाव्या पावलावर टेकवलं. शूप, शूप. आत्याने डोळे मिटून घेतले. पुढे करंगळी काढली, ती हॉस्पिटलानेच ठेवून घेतली; नियम तसाच होता, माझं खोटं खरं निघालं. आत्या म्हणाली, "बरा झाला. कोनाच्या मांडीला भार नाय."

इथे गोष्ट संपली असती तर मीही सुटलो असतो. पण डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना खरं तेच सांगितलं, की वाट पुन्हा भरू शकते. औषधं, रोज थोडं चालणं, मिश्री बंद, अनवाणी बंद, शेक बंद, आणि तपासायला येत राहायचं. आत्या ऐकत होती. "गाल परत येतोच," ती म्हणाली.

आणि इतकी वर्षं माझ्याकडे असलेला तिचा भीतीचा वाटा तिने परत मागून घेतला. न घाबरणारी बाई रोह्याच्या उन्हाळ्यात लोकरीचे मोजे घालून बसायला लागली. मांजर पायाशी आलं तरी किंचाळायची. चालायची मात्र रोज, घर ते बाजार, चपला घालून, एखादी उसनी वस्तू सांभाळून न्यावी तसा डावा पाय टाकत. आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो गॅसचा सिलिंडर आणणारा का असेना, पाय पुढे करून म्हणायची, "हात लाव रं. गार नाय ना?" लोक म्हणायचे, नाय आजी. ती त्यांच्या हाताकडे बघायचीच नाही. चेहऱ्याकडे बघायची.

पुढच्या होळीच्या आधी ती गेली. झोपेत, हृदयाने. दिनेशने फोनवर आधी तेच सांगितलं: "दोन्ही पाय हायत, दादा." आमच्याकडे एवढ्यावर माणूस सुखाने गेला म्हणतात.

पण मला आठवते ती त्याआधीची, माघातली सकाळ. मी पेणला परतायला निघालो होतो, गाडीची वेळ झाली होती. आत्या ओट्यावर बसली होती, मोजा काढून डावा पाय उन्हात सोडलेला. उजवा सावलीत.

"बालू, हात लाव."

मी वाकून पावलावर हात ठेवला. पाय गरम होता.

"ऊन हाय, आत्या," मी म्हटलं. "मस्त ऊन हाय."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. "उन्हात ठेवलाय म्हनून ऊन हाय. बस जरा."

तिने पाय सावलीत ओढून घेतला. मी पिशवी खाली ठेवली, ओट्याच्या पायरीवर बसलो आणि हात तिच्या पावलावर तसाच ठेवला. गल्लीतून माणसं जात होती. कोणी विचारलं, काय चाललंय, तर आत्या म्हणाली, "काय नाय, बसलोय." पलीकडे गाडीचा भोंगा वाजला, तिलाही ऐकू आला. मी उठलो नाही. पायातलं ऊन उतरायची वाट बघत आम्ही दोघं बसून राहिलो.